मध्यस्थाच्या तक्त्यातील एक रकाना

इंग्लंडात रेडिंग येथे राहणारा माझा एक भाचा संगणकाच्या धंद्यात असून, स्वतःची लहानशी मर्यादित कंपनी काढून तिच्यामार्फत तो मोठ्या पेढ्यांची कामे कंत्राटाने घेत असतो. आणि त्या पेढ्यांशी त्याची गाठ घालून देणारी जी नोकरभरतीची एजन्सी, तिच्याकडून आलेल्या एका पत्राने अस्वस्थ होऊन त्याने मध्यंतरी ऐन जेवणाच्या वेळी मला फोन केला. "मामा, हे लोक माझा खाजगी कर-क्रमांक मागताहेत. सरकारला कळवायचाय म्हणतात, आणि तीन दिवसांत दिला नाही तर बिल अडकवून ठेवू म्हणतात. आपल्याकडे पॅन मागतात तसंच समजून देऊन टाकू का?"

हयात हिशेबतपासणीत गेल्यामुळे असल्या प्रश्नाने माझे जेवण निवत नाही, उलट रंगते. पॅन क्रमांक देण्याचा सराव आपल्याला एवढा झाला आहे, की बँकेत खाते उघडताना किंवा दोन लाखांवरचा दागिना घेताना तो मागितला तर आपण तो नावागावासारखा सांगून मोकळे होतो. ब्रिटनमधला 'युनिक टॅक्सपेअर रेफरन्स', म्हणजे तिकडच्या बोलीतला 'यूटीआर', हा मात्र निराळ्या जातीचा क्रमांक आहे. स्वतःचे करविवरण स्वतः भरणाऱ्याच्या नावे तेथील महसूल खाते, म्हणजे एचएमआरसी, हा दहा अंकी क्रमांक टपालाने धाडते, आणि करदाता, खाते व त्याचा हिशेबनीस एवढ्यांपलीकडे तो सहसा जात नाही. नोकरदाराच्या पगारपत्रकावर असतो तो 'नॅशनल इन्शुरन्स नंबर' वेगळा: दोन अक्षरे, सहा अंक आणि शेवटी आणखी एक अक्षर. तिसरा म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, आणि तो तर कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत कोणालाही पाहता येतो. या तिहींची गल्लत झाली की तगाद्याचे असे पत्र जन्माला येते.

पत्रामागचा हुकूम मात्र खराच आहे. वेतनातूनच कर कापून घेण्याची 'पे ॲज यू अर्न' ही पद्धत ब्रिटनमध्ये 1944 पासून चालत आली आहे, आणि तिच्या कचाट्यातून सुटण्याचा राजमार्ग म्हणजे आपण नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहोत असे दाखवणे. एजन्सीमार्फत बांधकामावर जाणारा गवंडी किंवा मालमोटारीचा चालक वास्तविक दुसऱ्याच्या हुकमतीखाली राबत असे. परंतु कराराच्या कागदावर 'आपल्याऐवजी दुसरा माणूस पाठवण्याची मुभा' असे एक कलम घातले, की तो कायद्याच्या दृष्टीने स्वयंरोजगारी ठरे, आणि मालकाने भरावयाचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता, जो 2015 साली 13.8 टक्के होता, तो कोणाच्याच माथी बसत नसे. गवंड्याला यातून काय मिळाले म्हणाल, तर सुटीचा पगार गमावला. 2014 च्या वित्त कायद्याने ही पळवाट बुजवली आणि 6 एप्रिल 2014 पासून एवढेच पाहावयाचे ठरवले, की कामाच्या रीतीवर दुसऱ्या कोणाची देखरेख, मार्गदर्शन किंवा नियंत्रण आहे की नाही.

पण कायदा केला म्हणून कोण कोठे कोणत्या नात्याने राबतो आहे हे सरकारला घरबसल्या कळत नाही. आपल्याकडे जुन्या अमदानीत सरकारचा हात रयतेच्या घरापर्यंत पोचत नसे, म्हणून गावची लिहिणावळ कुळकर्ण्याकडे आणि परगण्याची देशपांड्याकडे असे. आधुनिक ब्रिटनने हेच लेखणीचे काम एजन्सीच्या गळ्यात बांधले, आणि तेही विनावेतन. 6 एप्रिल 2015 पासून असा नियम झाला, की ज्या एजन्सीने एकाहून अधिक माणसे ग्राहकाच्या कामावर पाठवली आणि त्यांच्यापैकी कोणाच्या मोबदल्यातून स्वतः कर कापला नाही, तिने त्या माणसांची फर्द दर तिमाहीस एचएमआरसीकडे धाडावी. मध्ये चार-चार मध्यस्थांची साखळी असली तर ज्याचा करार प्रत्यक्ष ग्राहकाशी, त्याच्यावर ही जबाबदारी. त्यांचे करवर्षच 6 एप्रिलला उजाडत असल्यामुळे 5 जुलैला संपणाऱ्या तिमाहीचा तक्ता 5 ऑगस्टपर्यंत, आणि पुढचे 5 नोव्हेंबर, 5 फेब्रुवारी व 5 मेपर्यंत, अशा मुदती पडतात. पहिली मुदत 5 ऑगस्ट 2015 ची होती. कसूर झाली तर प्रथम 250 पौंड, बारा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा झाली तर 500, आणि त्यापुढे दर खेपेस 1000 पौंड दंड.

आता त्या तक्त्याकडे जरा निरखून पाहू, कारण भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या रकान्यांतच दडलेले आहे. माणसाचे पूर्ण नाव, पत्ता व नॅशनल इन्शुरन्स नंबर, आणि हा नंबर नसेल तर जन्मतारीख व लिंग. काम केव्हा सुरू झाले, केव्हा संपले. रक्कम किती, ती कोणत्या चलनात, तिच्यात मूल्यवर्धित कर धरला आहे की नाही. पैसे ज्याला दिले त्याचे नाव व पत्ता, आणि तो कंपनी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक. कर का कापला नाही याची कैफियत एका अक्षरात द्यावयाची असते: स्वयंरोजगारी असेल तर 'ए', भागीदारी 'बी', मर्यादित दायित्वाची भागीदारी 'सी', मर्यादित कंपनी 'डी', काम ब्रिटनबाहेर झाले असेल तर 'ई', आणि दुसऱ्याच कोणी कर कापला असेल तर 'एफ'. मनुष्यमात्राच्या चरितार्थाचे इतके आटोपशीर वर्गीकरण मनूलाही साधले नसते!

यूटीआरचा रकाना या तक्त्यात आहेच, पण त्याला एक अट जोडलेली आहे: माणूस स्वयंरोजगारी किंवा भागीदार असेल तरच तो भरावयाचा. माझा भाचा 'डी' वर्गातला. त्याच्याबाबत एजन्सीला कंपनीचा नोंदणी क्रमांक हवा, त्याचा नॅशनल इन्शुरन्स नंबर हवा, पण त्याचा खाजगी यूटीआर सरकारने मागितलेलाच नाही. मग एजन्सी तो का मागते? माझ्या मते त्यात दुष्टावा नसून भित्रेपणा आहे. शेकडो माणसांचे तक्ते भरणाऱ्या कारकुनाला प्रत्येकाचा वर्ग पाहून प्रश्न बदलण्यापेक्षा सर्वांना सर्व काही विचारणे सोयीचे पडते. आणि दंडाचा आकडा डोळ्यांपुढे असला म्हणजे रिकामा रकाना त्याला सापासारखा दिसू लागतो. सरकारने एक मागावे आणि मध्यस्थाने धास्तीपोटी दोन मागावे, हा प्रकार पृथ्वीच्या पाठीवर कोठल्याही दफ्तरात चालतो.

तथापि, देऊन टाकायला काय हरकत आहे, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये खुद्द एचएमआरसीच्या कचेरीतून टपालाने निघालेल्या दोन तबकड्या वाटेत गहाळ झाल्या, आणि त्यांत बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांतील सुमारे अडीच कोटी माणसांची नावे, पत्ते व नॅशनल इन्शुरन्स नंबर होते. खात्याच्या प्रमुखाला त्यापायी पद सोडावे लागले. साक्षात सरकारची ही कथा, तेथे ई-मेलला चिकटवून फिरणाऱ्या तक्त्याची शाश्वती कोणी द्यावी? शिवाय तेथील माहिती-संरक्षणाचा कायदाच सांगतो, की कामापुरती आवश्यक तेवढीच माहिती मागावी. तेव्हा 'सरकारी हुकूम आहे' ही सबब जेवढा हुकूम आहे तेवढ्यापुरतीच चालते.

मी भाच्याला म्हटले, "भांडू नकोस, आणि गप्पही बसू नकोस. माझं काम मर्यादित कंपनीमार्फत चालतं, वर्ग 'डी', असं लिही. कंपनीचा क्रमांक आणि इन्शुरन्स नंबर दे, तोसुद्धा त्यांच्या सुरक्षित संकेतस्थळावर, साध्या ई-मेलने नको. आणि यूटीआर कोणत्या नियमानं मागता, तो नियम दाखवा म्हणावं."

त्याने तसे लिहिले. नियम काही आला नाही. "आपल्या बाबतीत तो रकाना रिकामा ठेवण्यात येत आहे" असे दोन ओळींचे उत्तर आले, आणि बिलही वेळेवर मिळाले. ऑक्टोबर अखेरीस, 5 नोव्हेंबरची मुदत जवळ आल्यावर, त्याच एजन्सीकडून तोच तक्ता, तोच रकाना आणि तीच तीन दिवसांची ताकीद घेऊन नवे पत्र आले. भाच्याने आपले जुने पत्र काढले, वरची तारीख तेवढी बदलली आणि पाठवून दिले.