कालच्या रेघा, आजचे ठिपके

डोंबिवलीत कुणालाही विचारा, "तुमच्या घरापासून स्टेशन किती लांब?" उत्तर मीटरमध्ये येणारच नाही. "पंधरा मिनिटं!" असंच येईल. पण रोज बरोब्बर १५? सोमवारी १४, मंगळवारी १६, बुधवारी आई भाजीवाल्याशी बोलत थांबली म्हणून १७. रस्ता तोच, पाय तेच, आकडा मात्र रोज वेगळा. मग एके दिवशी २१ मिनिटं लागली, तर ते नेहमीचं मागेपुढे समजायचं, की रस्त्यात काहीतरी घडलंय म्हणून शोध घ्यायचा?

अगदी हाच प्रश्न अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्ट यांना पडला होता. ते टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या साहेबांना एक छोटंसं टिपण दिलं आणि त्यात एक आलेख काढून दाखवला. मधे सरासरीची रेघ, वर एक सीमा, खाली एक सीमा. झाला कंट्रोल चार्ट! पुढे १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतातही येऊन गेले.

चला, आपणही एक चार्ट काढू. २५ दिवस स्टेशनला जायचा वेळ लिहून ठेवा आणि प्रत्येक दिवसाचा एक ठिपका आलेखावर द्या. समजा सरासरी आली १५. आता कालच्या आणि आजच्या वेळेत किती फरक पडला, तो रोजचा फरक काढा आणि त्या फरकांचीही सरासरी घ्या. समजा ती दीड मिनिट आली. तिला २.६६ ने गुणा, उत्तर साधारण ४. १५ अधिक ४ म्हणजे १९, १५ उणे ४ म्हणजे ११. या तुमच्या दोन सीमा. सगळं सुरळीत चालू असेल तर हजार ठिपक्यांतले जेमतेम तीनच त्यांच्या बाहेर पडतात. म्हणून २१ दिसलं की कारण शोधायचं. (तुमची लोकल किती वाजता सुटते याच्याशी या रेघांचा काही संबंध नाही बरं का! त्या तुमच्या चालण्यातून आल्या आहेत.)

खरी गंमत पुढेच आहे. सव्विसाव्या दिवशी नवा आकडा आला. रेघा पुन्हा काढायच्या का?

नाही! जुन्या रेघा तशाच पुढे ओढायच्या आणि नवे ठिपके त्यांच्यासमोर मांडायचे. कबड्डीचं मैदान डाव सुरू होण्याआधी आखतात. गड्याचा पाय बाहेर गेला म्हणून कुणी पांढरी रेघ पुढे सरकवतं का?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपची कल्पना करा. लेथवर पोलादी पिना कापल्या जाताहेत. कामगारकाका दर तासाला काही पिना मायक्रोमीटरमध्ये धरून मोजतात आणि चार्टवर ठिपका देतात. कापता कापता टूलची धार झिजते आणि पीन केसाच्याही अंशाने जाड व्हायला लागते. काकांनी दर तासाला नव्या आकड्यांवरून रेघा काढल्या असत्या तर? पिनांबरोबर रेघाही वर चढल्या असत्या आणि चार्ट शेवटपर्यंत "सगळं छान" म्हणत राहिला असता! जुन्या रेघा जागेवर असल्या की लबाडी लगेच पकडली जाते. ठिपका सीमेत असला तरीही, सलग आठ ठिपके सरासरीच्या वरच पडले की काका टूल तपासतात. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा छापा येणं २५६ मध्ये एकदाच घडतं, म्हणून.

मग रेघा कधीच बदलायच्या नाहीत? बदलायच्या, पण कारण ठाऊक झाल्यावर आणि बदल कायमचा असेल तर. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला. त्यावरून रोज जाणाऱ्यांचा रस्ताच बदलला. नवा पूल खुला झाला जानेवारी २०२१ मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ! अशा वेळी जुन्या रेघांना चिकटून बसलात, तर चार्ट रोज ओरडेल आणि मग कुणी त्याच्याकडे लक्षच देणार नाही. पूल पाडला की नव्या रेघा, नवा पूल आला की पुन्हा नव्या. पण पहिल्या पावसात एक दिवस चिखलातून जाताना २० मिनिटं लागली, म्हणून रेघा बदलायच्या नाहीत. त्या ठिपक्याला गोल करा आणि शेजारी लिहा, "पाऊस".

आज चौकटीच्या वहीचं एक पान यासाठी राखून ठेवा. घर ते शाळा, घर ते क्लास, काहीही मोजा. पंचविसाव्या दिवशी रेघा पेनानेच काढा आणि सव्विसाव्या दिवशी काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.