सोडणाच्या भुशातले टोमॅटो

आमच्या सासूबाईंना गुहागरची वाडी सोडून पुण्याला तिसऱ्या मजल्यावर येऊन वर्ष झाले, तरी त्यांचे मन रमेना. वाडीत राबलेले हात रिकामे बसणार कसे? गॅलरीत मातीच्या कुंड्या मांडाव्यात, तर ओझ्याची भीती. शेवटी मी बाजारातून कोकोपीटची ५ किलोंची वीट आणली. ती पाहताच त्या म्हणाल्या, "अगो, हा तर सोडणाचा भुसा! आम्ही सोडणे बंबात घालत होतो, आणि तू विकत आणलीस?"

त्यांचे खरेच होते. सोडणातून काथ्या काढला की हा भुसा उरतो. केरळात एके काळी त्याचे ढीग नुसते पडून राहत. आज तोच भुसा दाबून, विटा करून परदेशी जातो आणि हॉलंडच्या काचघरांतही त्यात टोमॅटो पिकतात!

वीट पाण्यात फुगून सुमारे ७० लिटर भुसा झाला. सासूबाईंनी हौसेने चार रोपे लावली. पिवळी फुले आली, फळे धरली आणि एके दिवशी पाहतो तो फळांची बुडे काळी! "माझा हातगुण गेला गो," एवढेच बोलून त्या आत गेल्या. ते शब्द मला फार लागले.

चौकशी केली तेव्हा कळले, चूक हातगुणाची नव्हती, माझी होती. हा रोग नव्हे. फळाला कॅल्शियम कमी पडले की असे होते. भुसा पाणी धरतो, मुळांना हवाही देतो, पण त्यात अन्न जवळजवळ नसतेच. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली, तर मीठही उरते. शिवाय न मुरवलेला भुसा कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतो. त्यात मी एक दिवस भरपूर पाणी घाली, तर दोन दिवस विसरे. कॅल्शियम फळापर्यंत जाते ते पाण्याबरोबरच!

दुसऱ्या खेपेस भुसा साध्या पाण्याने तीनदा धुतला. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात तो रात्रभर मुरवला, निथळला आणि पुन्हा धुतला. दोन वाटे भुशाला एक वाटा गांडूळखत घातले. बुडाला भोके पाडलेल्या १५ लिटरांच्या बादलीत एकेकच रोप लावले. सहा तास ऊन आणि रोज बोट खुपसून, ओल पाहून पाणी. फुले लागल्यावर पातळ खत सुरू केले. कॅल्शियम नायट्रेट मात्र वेगळ्या दिवशी, कारण इतर खतांत मिसळल्यास साका बसतो. गॅलरीत वारा कमी, म्हणून सासूबाई सकाळी फुलांचे घोस हलकेच हालवीत. त्याने फळधारणा चांगली होते.

पहिले चार लाल टोमॅटो निघाले, त्या दिवशी त्यांनी स्वतः सार केले. त्यात नारळाचे दूध ओतताना म्हणाल्या, "सोडणे जाळली, ते चुकलेच गो!"

भगिनींनो, फराळाची धांदल संपली की थंडीच्या तोंडावर एक वीट आणून पाहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या हातांना त्यात जरूर सामील करून घ्या.