आगकाड्यांची मौज आणि मोटारीची मर्जी

यंत्रावर विसंबलेल्या माणसाची थट्टा करणाऱ्या छोट्या ॲनिमेशनपटांत यंत्राला माणसाचे चोचले आणि माणसाला यंत्राची निमूट आज्ञाधारकता बहाल केलेली असते. परंतु ही अदलाबदल प्रेक्षकाला क्षणार्धात कशी पटते, असे विचारू लागलो, म्हणजे करमणुकीचा हा मामला थेट मानसशास्त्राच्या कचेरीत दाखल होतो.

ॲनिमेशनच्या विद्येचा आपल्याकडील आद्य पुरुष आमच्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली जन्मला. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचा दाणा पेरून, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून, कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखवली होती. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट सिद्ध केला. काडी केसभर सरकवावी, चौकट घ्यावी, पुन्हा सरकवावी, असा तो खटाटोप. मूकपटाच्या सेकंदाला सोळा चौकटी धरल्या, तर मिनिटभराच्या मौजेसाठी नऊशे साठ चौकटी होतात. इतके सायास ज्या भासासाठी, तो पुरा करण्याचे अर्धे काम मात्र प्रेक्षकाचा मेंदू विनामोबदला करतो.

फाळके नाशकात निवर्तले ते १९४४ साल. योगायोगाने त्याच वर्षी फ्रिट्झ हायडर आणि मेरियन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकोनी आकृती, एवढ्यांचाच अवघ्या अडीच मिनिटांचा चलच्चित्रपट त्यांनी चौतीस विद्यार्थिनींना दाखवला, आणि काय दिसले ते लिहावयास सांगितले. भूमितीच्या भाषेत उत्तर देणारी एकच निघाली; बाकीच्यांनी दांडगाई, भीती, पाठलाग यांची साग्रसंगीत कथा लिहून दिली. बाहेरून धक्का न बसता जी वस्तू निघते, थांबते, दिशा पालटते, तिला हेतू आहे असे मन परस्पर ठरवून टाकते.

सटाण्याकडील डाळिंबाच्या बागांत याचा पडताळा पाहावयास पडदा लागत नाही. विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते. लाइट आली की तो मालकाला फोन लावतो, आणि मालक अंथरुणातूनच बटण दाबून मोटार चालू करतो. विहिरीचे पाणी आटले की पंपावरचा भार घटून विजेचा प्रवाह उतरतो, आणि तेवढ्या खुणेवरून यंत्र मोटार बंद करते. पाण्याशी त्याचा परिचय एवढाच. तरी मोटार रुसली, आज तिची मर्जी नाही, ही भाषा बांधावर सर्रास चालते, आणि मला ती अडाणीपणाची वाटत नाही. रात्री-अपरात्री काट्याकुट्यातून विहीर गाठण्याचा जाच ज्याने टाळला, त्याला घरच्या माणसाचा मान द्यावा, हे रीतीला धरूनच आहे. गंमत पुढे आहे: हुकूम मालकाचा, पण झोपेतून उठवायचे केव्हा, हे मुक्रर करणार स्टार्टरची पेटी!

या पेटीवर कोणी विनोदी लघुपट काढील, तर त्याने तिला डोळे-ओठ चितारू नयेत. बाजारू चित्रपटांत हा सोस फार. मालकाने बटण दाबावे, आणि पेटीने सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबात बारा चौकटी, म्हणजे अर्धा सेकंद, नुसते थांबावे. ती मुद्दाम थांबली, हे सटाण्याच्या प्रेक्षकाला कोणी सांगावे लागणार नाही.