वजननियंत्रणातील खंड आणि पुन्हा उभारी

वजन कमी करण्याचा संकल्प जितक्या उत्साहाने केला जातो, तितक्याच लवकर तो मोडतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. गुढीपाडव्याला सुरू झालेले सकाळचे फिरणे लग्नसराईत थांबते. आषाढापर्यंत कटाक्षाने पाळलेले पथ्य गणेशोत्सवातील मोदकांपासून दिवाळीच्या फराळापर्यंत क्रमाक्रमाने सैल होत जाते आणि सहा महिन्यांच्या कष्टाने उतरलेले पाच-सहा किलो वजन पुढील सहा महिन्यांत परत येते. वाढलेल्या वजनाची हानी असतेच. परंतु त्याहून मोठी हानी त्यानंतर मनात रुजणाऱ्या एका समजुतीमुळे होते. 'हे आपल्याला साधणार नाही' ही ती समजूत होय. या एका वाक्यापायी असंख्य सुशिक्षित माणसे प्रयत्न कायमचा सोडून देतात. प्रत्यक्षात शरीरशास्त्र व मानसशास्त्र या दोहोंच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही.

प्रश्नाचे गांभीर्य

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयोगटातील २०.६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते १८.९ टक्क्यांवरून २२.९ टक्के झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पैलू महाराष्ट्रातील संशोधनाने जगापुढे आणला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माता व बालके यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. येथील अर्भके इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा वजनाने बरीच लहान असली, तरी त्यांच्या शरीरातील मेद त्या मानाने कमी झालेला नसतो, असे त्यातून दिसून आले. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटाभोवती घातक मेद साठलेला असू शकतो, याचे मूळ काही अंशी येथे आहे. म्हणूनच शरीरभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, भारतीयांच्या बाबतीत २३ पासूनच अधिक वजनाची सूचक मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असणे हाही धोक्याचा इशारा होय. दिवसाचा बहुतेक काळ मेजाशी किंवा वाहनात घालविणाऱ्या चाळिशीतील माणसाला हा इशारा दुर्लक्षून चालणार नाही.

वजन परत का येते?

उतरलेले वजन परत येण्यात इच्छाशक्तीचा दोष मानला जातो तितका नसतो. अन्नाचा तुटवडा हे मानवी शरीरावर वारंवार आलेले संकट असल्याने वजन घटू लागताच शरीर संरक्षणाची तयारी करते. मेदपेशींतून स्रवणारे, तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते. जठरातून स्रवणारे, भूक चेतविणारे ग्रेलिन वाढते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ५० स्थूल व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर संप्रेरकांत झालेले हे बदल एक वर्ष उलटल्यावरही बऱ्याच अंशी तसेच राहिले होते. वजन घटलेल्या माणसाला अधिक भूक लागते, ती खरीच असते.

याचबरोबर लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते. संशोधकांच्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारणतः २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, तर भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणून पहिल्या काही महिन्यांनंतर वजन उतरणे मंदावते आणि त्याच आहारावर ते एका जागी स्थिर होते. हा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला येतो. नेमक्या याच वेळी 'आता काही उपयोग होत नाही' असे मानून प्रयत्न सोडला जातो आणि वाढलेली भूक आपले काम पुरे करते.

काट्यावरील आकड्याचा अर्थ

निराशेचे दुसरे कारण म्हणजे वजनकाट्याचे चुकीचे वाचन. शरीरात यकृत व स्नायू यांमध्ये शर्करेचा साठा असतो आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी करताच हा साठा व त्यासोबतचे पाणी आधी उतरते. पहिल्या आठवड्यात दोन किलो घट दिसते ती बरीचशी यामुळे. उलटपक्षी, एखाद्या लग्नातील जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर गेलेला दिसतो, तेव्हा त्यात पाणी, मीठ व पोटातील अन्न यांचाच मोठा वाटा असतो. एक किलो मेद साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी अधिक घ्याव्या लागतात. एका पंगतीत ते सहसा शक्य नसते. नेहमीचा आहार सुरू होताच हा फरक चार-पाच दिवसांत बहुतांशी ओसरतो.

आकडा हलला नाही म्हणजे कष्ट वाया गेले, असेही नाही. या संदर्भात चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मोलाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा त्यात समावेश होता. आहार व व्यायामाचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि विशेष म्हणजे त्यांच्या सरासरी वजनात लक्षणीय घट झालेली नव्हती. चालणे चालू राहिले, तळलेले पदार्थ व साखर कमी झाली, तर काटा स्थिर असतानाही शरीराला लाभ मिळत असतो.

पहिल्या चुकीहून दुसरी चूक मोठी

पथ्य मोडल्यानंतर मनात काय घडते, याचा शोध अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्मन व मॅक यांनी १९७५ मध्ये एका साध्या प्रयोगाने घेतला. काही विद्यार्थिनींना प्रथम मिल्कशेक देऊन नंतर आइस्क्रीमची चव पाहण्यास सांगण्यात आले. एरव्ही पोटभर पेय घेतल्यावर माणूस कमी खातो. आहारावर कडक बंधन घालून घेतलेल्या विद्यार्थिनींनी मात्र मिल्कशेक घेतल्यानंतर अधिक आइस्क्रीम खाल्ले. एकदा नियम मोडलाच, मग आजचा दिवस गेलाच, असा हा विचार होय. सायंकाळच्या दोन भज्यांचे रूपांतर रात्रीच्या भरपेट जेवणात, त्याचे 'सोमवारपासून पाहू' यात आणि सोमवारचे 'दिवाळीनंतर' यात होते ते याच वाटेने.

यावर स्वतःला कठोर शब्दांत दोष देणे हा उपाय पुष्कळांना योग्य वाटतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅडम्स व लीरी यांच्या प्रयोगात याच्या उलट आढळले. गोड पदार्थ खाल्ल्यानंतर ज्या पथ्यकरी स्त्रियांना 'असे सर्वांकडूनच होते, स्वतःला फार बोल लावू नका' असे सांगण्यात आले, त्यांनी नंतर कमी खाल्ले. अपराधीपणाच्या भावनेतून माणूस सावरण्याऐवजी पुन्हा अन्नातच विसावा शोधतो, असे यावरून दिसते.

सवय जडण्याच्या बाबतीतही एका दिवसाच्या खंडाला फारसे महत्त्व नाही. लंडनमधील ९६ स्वयंसेवकांवरील २०१० मधील अभ्यासानुसार एखादी दैनंदिन सवय अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ दिवस लागू शकतात. मध्यक ६६ दिवसांचा आहे. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत विशेष बाधा आली नाही. यातील बोध स्पष्ट आहे. खंड पडला की नाही, यापेक्षा खंडानंतर माणूस किती लवकर परतला, यावर यश अवलंबून असते. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकविणाऱ्यांची एक नोंदवही ठेवण्यात आली. तीत नोंदल्या गेलेल्या बहुतेक व्यक्तींनी पूर्वीही वजन कमी करण्याचे प्रयत्न केलेले होते. आधीचे अपयश हा अपात्रतेचा दाखला ठरत नाही.

पुनःप्रारंभाचे व्यवहार्य मार्ग

पहिला मार्ग म्हणजे पुढच्या जेवणापासून प्रारंभ करणे. दुपारी पंगतीत अधिक जेवण झाले असेल, तर रात्री नेहमीची भाजी-भाकरी व ताक घ्यावे. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी कडकडीत उपवास करू नये. त्याने भूक साठते व नवा खंड पडतो. उपवासाच्या नावाखाली तुपातील साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचा कीस खाल्ला जात असेल, तर त्या दिवशी रोजच्या जेवणापेक्षा अधिक उष्मांक पोटात जाण्याचा संभव असतो.

दुसरा मार्ग म्हणजे कारणाची नोंद. खंड नेमका कोठे पडला, हे वहीत दोन ओळींत लिहावे. सभा लांबली, दौऱ्यावर जेवणाची वेळ टळली, घरी आजारपण होते, पावसामुळे फिरणे बंद पडले, यांपैकी काय घडले हे कळले की त्यावर तोड काढता येते. दौऱ्यावर निघताना पिशवीत भाजलेले फुटाणे किंवा पेरू ठेवणे आणि पावसात शाळेच्या व्हरांड्यात चालणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

तिसरा मार्ग म्हणजे उद्दिष्ट आटोपशीर करणे. आरंभीच्या वजनाच्या पाच ते सात टक्के घटही रक्तदाब व रक्तशर्करेच्या दृष्टीने हितावह असते. ८० किलो वजनाच्या माणसासाठी हे चार ते साडेपाच किलो होतात. वीस किलोंचे उद्दिष्ट समोर ठेवणाऱ्याला चार किलोंचे यश अपयश वाटते, हे लक्षात घ्यावे.

चौथा मार्ग म्हणजे बारीक पण कायमचा बदल. दिवसातून पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर व २०० कॅलरी होतात. प्रत्येक कपातील एक चमचा कमी केला तरी निम्मी बचत होते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीचे चालणे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे. ते दिवसाला तीस मिनिटे, पाच दिवस असे बसते. वजन आठवड्यातून एकदा, ठराविक वारी, सकाळी उपाशीपोटी पाहावे व महिन्याचा कल ध्यानात घ्यावा.

वैद्यकीय सल्ला आवश्यक तेव्हा

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहारात मोठी कपात डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रक्तशर्करा एकाएकी घसरण्याचा धोका असतो. थोड्या काळात वजन झपाट्याने वाढणे, पायांवर सूज येणे, सतत थकवा वाटणे अशी लक्षणे असल्यास तपासणी करून घ्यावी. थायरॉईडचे विकार व काही औषधे यांमुळेही वजन वाढते. वजन घटविणारी नवी औषधे अलीकडे देशात उपलब्ध झाली आहेत. ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात आणि ती थांबविल्यावर उतरलेले वजन बऱ्याच प्रमाणात परत येते, असे अभ्यासांत आढळले आहे. सवयींना त्यामुळे पर्याय राहत नाही.

संस्थांचा वाटा

माणसाचा निर्धार भोवतालच्या रीतीभातींवर अवलंबून असतो. बैठकीतील चहासोबत बिनसाखरेचा पर्याय ठेवणे, वेफर्स व बिस्किटांऐवजी शेंगदाणे, काकडी किंवा मोसमी फळे देणे, सत्काराच्या पेढ्यांना मर्यादा घालणे हे निर्णय कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व सरपंच यांना सहज घेता येतात. 'एकाने काय होते' असा आग्रह यजमानाने धरू नये, हाही आतिथ्याचाच भाग मानावयास हवा. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी शासकीय आरोग्य यंत्रणेमार्फत विनामूल्य केली जाते. ग्रामपंचायतीने त्या दिवसाची दवंडी किंवा सूचना वेळेवर दिली, तर पुष्कळांना आपला धोका वेळीच कळेल. शिक्षकांनी वर्गात कोणाही मुलाच्या जाडेपणाची थट्टा होऊ देऊ नये; मानहानीने वजन घटत नाही, मूल मात्र खेळाच्या मैदानापासून दूर जाते.

शेतकरी एका पावसाच्या खंडाने शेती सोडत नाही. तो दुबार पेरणीची तयारी करतो आणि या वेळी बियाणे, ओल व वेळ यांचा अधिक विचार करतो. वजननियंत्रणाच्या कामालाही हीच दृष्टी लागू पडते. वजन वाढले असेल, पथ्य मोडले असेल, फिरणे बंद पडले असेल, तर मागील प्रयत्नातून हाती आलेले ज्ञान गाठीशी ठेवून पुढील जेवणापासून व उद्याच्या सकाळपासून पुन्हा आरंभ करावा. मध्यमवयातील आरोग्य अशाच पुनःपुन्हा केलेल्या आरंभांतून घडत जाते.