हातमागाचा छंद आणि हातमागाचा धंदा

आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं हातमाग आहे हें आम्हांस ठाऊक आहे. उन्हाळ्यांत शेतीचीं कामें आटोपलीं म्हणजे घरांतील कोणी तरी त्यावर पंचे, आसनें विणतें, एखादा नग पाहुण्यास भेट दिला जातो व कौतुक होतें. पुढें कोणी तरी विचारतो, "हें विकत कां नाहीं?" येथून हिशेबाचा प्रश्न सुरू होतो.

आम्हीं स्वतः पहिल्या वर्षीं साधे पंचे विणून आठवड्याच्या बाजारांत नेले. माल सर्व खपला, परंतु सुताचेहि पैसे पुरते निघाले नाहींत. इचलकरंजी, मालेगांव, भिवंडी येथील यंत्रमागांवर जें कापड ढिगानें निघतें, तसलेंच आम्ही हातानें विणून त्याच भावानें विकीत होतों! यंत्राशीं दरांत झुंजणें हा हातमागाचा मार्ग नव्हे. जो माल यंत्र करीत नाहीं किंवा बरा करीत नाहीं, तोच आपण धरावा.

आम्हीं मग दख्खनी मेंढीची लोकर धरली. ती जाडीभरडी असल्यानें तलम कापडास निरुपयोगी. परंतु मूळचीच काळी किंवा तपकिरी असल्यामुळें रंगाचा खर्च लागत नाहीं, आणि घोंगडीच्या रूपानें तिचा टिकाऊपणा आपण सर्वांनीं पाहिलेलाच आहे. सुती ताण्यावर हिचा बाणा घातल्यास आसन उत्तम होतें. मात्र लोकर घेतांनाचें वजन व धुतल्यानंतरचें वजन यांत बरेंच अंतर पडतें. हिशेब धुतलेल्या वजनावरच करावा.

ताण्याचें सूत असें काढावें. एका पौंडांत, म्हणजे ४५४ ग्रॅममध्यें, ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. १० नंबरी सूत पौंडास ८,४०० वार भरतें, व दुपदरी केल्यास ४,२००. आसन २४ इंच रुंद व इंचास १० दोरे धरले तर २४० दोरे होतात. १० वार लांब ताण्यास २,४०० वार, म्हणजे सुमारें २६० ग्रॅम दुपदरी सूत लागेल. शेवटचा वारभर ताणा मागांत अडकून वांया जातो. ताणा १० वारांचा असो कीं ३ वारांचा, नुकसान तेवढेंच! हौसेखातर लहान ताणा लावणारास हें जाणवत नाहीं; धंद्यांत मात्र १० वारांपैकीं १ आणि ३ वारांपैकीं १ यांतला फरक नफा खाऊन टाकतो.

सर्वांत मोठी चूक श्रमाच्या मोजणींत होते. समजा, ताणा करून दोरे वह्यांतून व फणींतून ओढण्यास ६ तास गेले, ८ आसनें प्रत्येकीं ३ तासांप्रमाणें २४ तासांत विणलीं, आणि गांठी मारणें, धुणें, वाळविणें यांत ४ तास गेले. एकूण ३४ तास. म्हणजे एका आसनास सव्वाचार तास. पुष्कळ लोक तीनच धरतात, आणि काम घरच्या बायकांनीं केलें असल्यास तेंहि धरीत नाहींत. शेतांत मजूर लावतांना आपण जो दर देतों, निदान तो तरी घरच्या हातांस लावावा. त्या हिशेबानें किंमत परवडत नसेल तर तो छंदच राहूं द्यावा. त्यांत कमीपणा नाहीं.

दुकानदारामार्फत माल देणार असाल तर त्याचा हिस्सा धरूनच किंमत ठरवावी, व घरीं आलेल्या गिऱ्हाइकासहि तीच सांगावी. नातलगांस सवलत द्यावयाची तर ती घरखर्चांत लिहावी, मागाच्या वहींत नव्हे. माल हातमागाचाच आहे याची ओळख पटविण्यासाठीं २००६ सालीं सरकारनें हँडलूम मार्क ही खूण सुरू केली आहे. विक्री वाढल्यावर तिची चौकशी करावी.

आमच्या घरचा माग मृगाच्या आधीं आठ दिवस बंद होतो. त्यापूर्वींच सर्व आसनें कडक उन्हांत वाळवून, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यांत गुंडाळून ठेवतों, नाहीं तर पावसाळ्यांत लोकरीस कसर लागते. पेरणीच्या दिवसांत आलेली नवी मागणी आम्ही मुदत घालून घेत नाहीं.