मुरुमजवळून जाणारी रेघ

नकाशा घ्या आणि सोबत पट्टी. पट्टीचं एक टोक मुंबईच्या विमानतळावर ठेवा, दुसरं हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर, आणि ओढा रेघ. बघा बरं, ती कुठून गेली? थेट उमरगा तालुक्यातून, आपल्या मुरुमच्या जराशी उत्तरेकडून!

या रेघेची लांबी सुमारे 620 किलोमीटर. विमानांना आखून दिलेल्या वाटांनी जावं लागतं, त्यामुळे ती प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतात. उंच गेल्यावर प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटरच्या आसपास असतो. मुरुम ते उमरगा हे अंतर ते दोन मिनिटांच्या आत कापतं.

आता भागाकार करा. 620 भागिले 800, म्हणजे जेमतेम पाऊण तास. पण तिकिटावर तर दीड तासाच्या आसपास वेळ छापलेली असते! उरलेला वेळ जातो कुठे?

बराचसा जमिनीवरच जातो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर जाऊन थांबलं की बंद. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. मग रांग लागते. उड्डाणानंतरही चढताना वेग कमी असतो आणि उतरताना तो कमी करावाच लागतो. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान धावपट्टीच्या साधारण दोनशे किलोमीटर आधीपासून खाली यायला लागतं. उमरग्यापासून शमशाबाद सरळ रेषेत तेवढंच आहे! म्हणजे आपल्याकडून पाहताना विमान अजून आभाळात उंच दिसत असतं आणि आत वैमानिकाची उतरायची तयारी सुरू झालेली असते.

शिवाय वारा. सायकलवर वारा पाठीशी असला की कसं, अगदी तसंच. हिवाळ्यात त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. समजा तो ताशी 60 किलोमीटरचा आहे. हैदराबादला जाताना वेग 860 होतो, मुंबईला परतताना 740. तेवढंच अंतर, पण जाताना 43 मिनिटं आणि येताना 50!

पावसाळ्यात तर सगळं उलटं होतं. जमिनीजवळ मोसमी वारा पश्चिमेकडून येत असतो आणि खूप वर मात्र पूर्वेकडून जोरदार प्रवाह वाहतो. या प्रवाहाचा शोध पी. कोटेश्वरम या भारतीय शास्त्रज्ञाने 1958 मध्ये जगापुढे मांडला. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले.

जुलैत उघडीप मिळाली की गच्चीवर जा. आधी खालचे काळे ढग कुठे पळतात ते पाहा, मग त्यांच्या फटीतून वरचे पातळ पांढरे ढग शोधा. ते सावकाश मुंबईच्या दिशेने सरकताना दिसतील.