प्रबंध महाजालावर खुला केल्यास शोधनिबंधाचे काय?

आपल्या रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना अंतिम परीक्षेपूर्वी प्रबंध सादर करावा लागतो. वॉर्डातील व बाह्यरुग्ण विभागातील नोंदींवर तो दीर्घ परिश्रमाने उभा राहतो. त्यामागे रुग्णांनी दिलेली संमती असते आणि आपणा देणगीदारांच्या साहाय्याने मिळालेली साधनेही असतात. परीक्षा संपली की प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो व बहुधा तेथेच राहतो. हे प्रबंध महाजालावर सर्वांना खुले करावेत, असा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. त्यावर विद्यार्थ्यांची शंका अशी, की प्रबंध आधीच जगजाहीर झाला तर पुढे कोणती शोधपत्रिका आमचा निबंध स्वीकारील? ही शंका आम्ही क्षुल्लक मानत नाही; अध्यापनाच्या क्षेत्रात नेमणूक व बढतीच्या वेळी प्रसिद्ध निबंध विचारले जातात.

या भीतीला इतिहास आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे संपादक फ्रान्झ इंगलफिंगर यांनी १९६९ साली दंडक घातला, की अन्यत्र प्रसिद्ध झालेले संशोधन आपण छापणार नाही. पुढे अनेक पत्रिकांनी तो उचलला. मात्र पदवीसाठी लिहिलेला प्रबंध म्हणजे 'पूर्वप्रसिद्धी' असे बहुतेक पत्रिका मानत नाहीत. एल्सेव्हिअरसारख्या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या नियमांत तर प्रबंधाचा अपवाद स्पष्ट नमूद असतो. समाजशास्त्रे व मानव्यविद्यांच्या पत्रिकांची २०११ साली पाहणी झाली. खुल्या प्रबंधाचे सुधारित रूप नेहमीच किंवा गुणावगुण पाहून विचारात घेऊ, असे ८२.८ टक्के संपादकांनी सांगितले. विद्यापीठीय ग्रंथप्रकाशकांत हे प्रमाण ५३.७ टक्केच होते. म्हणजे प्रबंधाचा ग्रंथ करू इच्छिणाऱ्यास काळजीचे कारण अधिक. आमचे विद्यार्थी सहसा ग्रंथ लिहीत नाहीत. वैद्यकात तर २०१९ पासून 'मेडआर्काइव्ह'वर समीक्षेपूर्वीचे निबंधही खुले ठेवले जातात आणि अनेक नामांकित पत्रिका ते पुढे स्वीकारतात.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांन्वये पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात असे प्रबंध कोणालाही वाचता येतात.

अडचण येते ती अन्य कारणांनी. प्रबंधातील परिच्छेद जसेच्या तसे निबंधात उतरविले, तर साम्य शोधणारी संगणकप्रणाली ते दाखविते आणि संपादक साशंक होतो. म्हणून निबंध नव्याने लिहावा व तो कोणत्या प्रबंधावर आधारित आहे, हे पाठवितानाच कळवावे. पत्रिकेचे नियमही आधी वाचावेत, कारण सर्वांचे धोरण एक नाही. ज्यांना तरीही धाकधूक वाटते, त्यांचा प्रबंध निबंध छापून येईपर्यंत ठराविक मुदतीसाठी झाकून ठेवता येतो. नवे उपकरण घडविले असल्यास मात्र पेटंटचा अर्ज आधी करावा. प्रबंध खुला झाला की उपकरणाचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने धोक्यात येते.

आम्हांस खरी चिंता वाटते ती रुग्णांची. नाव वगळले तरी वय, गाव, व्यवसाय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले, की तालुक्यातील माणसे व्यक्ती ओळखतात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या छायाचित्रात चेहरा दिसत असेल, तर डोळ्यांवरील काळी पट्टी पुरेशी नसते. प्रबंधाच्या शेवटी जोडलेल्या कोष्टकात नोंदणी क्रमांकही राहून जातात. रुग्णाने अभ्यासात सहभागी होण्यास होकार दिला, म्हणजे आपली माहिती जगाने वाचावी यास दिला असे नव्हे. म्हणून नव्या संमतिपत्रात याविषयी स्वतंत्र वाक्य घालावे आणि ते नातेवाइकांना मराठीत वाचून दाखवावे, असे आम्ही सुचविले आहे. जुन्या प्रबंधांतील अनेक रुग्णांशी आता संपर्क होणे शक्य नाही. त्या प्रबंधांचा केवळ सारांश खुला करावा, मूळ प्रत कपाटातच राहू द्यावी.